उद्योजकतेचा कोर्स नेमकं काय शिकवतो: नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी

भद्रकालीत किंवा मेन रोडवर तीन पिढ्यांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला सांगून पाहा, की मुलाला कॉलेजात उद्योजकतेचा कोर्स करायचाय. "धंदा काय वर्गात बसून शिकतात?" असं तो हमखास विचारणार. त्याचा प्रश्न रास्त आहे. तो स्वतः शाळेत असतानाच गल्ल्यावर बसला. उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला गोड बोलून टाळायचं, हे त्याला वडिलांकडे बघता बघता कळत गेलं. पण सिडकोत राहणाऱ्या, अंबडच्या कारखान्यात वडील फिटर असलेल्या मुलीनं हे कुठून शिकायचं? तिच्या घरात ठरलेल्या तारखेला पगार येतो. तारण, खेळतं भांडवल, मालाची परती यांवर घरात कधी बोलणंच झालेलं नाही. विद्यापीठातला अभ्यासक्रम मुळात तिच्यासाठी आहे. तो नीट घेतला तर फार उपयोगाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. 'नीट' म्हणजे कसा, ते पुढे सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. हे काही गेल्या पाच-दहा वर्षांतलं स्टार्टअपचं वारं नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये मायल्स मेस या प्राध्यापकानं फेब्रुवारी १९४७ मध्ये नवे उद्योग उभारण्यावरचा पहिला वर्ग घेतला. समोर १८८ विद्यार्थी होते, बरेचसे नुकतेच युद्धावरून परतलेले. आपल्याकडे १९६४ मध्ये डेव्हिड मॅक्लेलँड या मानसशास्त्रज्ञानं आंध्रातल्या काकिनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग संस्थेत बोलावून प्रशिक्षण दिलं. ध्येय कसं ठरवायचं आणि झेपेल एवढीच जोखीम कशी घ्यायची, यावर त्याचा भर होता. प्रशिक्षण घेतलेल्यांनी पुढच्या काळात इतरांपेक्षा जास्त हालचाल केली, नवे व्यवसाय काढले, पैसा गुंतवला. उद्योजक जन्मावा लागतो, या समजाला तिथे पहिला मोठा तडा गेला. पुढे १९८३ मध्ये अहमदाबादला उद्योजकता विकास संस्था उभी राहिली आणि १९८८ मध्ये आपलं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, म्हणजे एमसीईडी. आपली विद्यापीठं या रांगेत बऱ्याच उशिरा आली.

आता अभ्यासक्रमात असतं काय? माहितीपुस्तिका उघडली की संधीचा शोध, बाजारपेठेचा अभ्यास, वित्त, विपणन, कायदे, प्रकल्प अहवाल अशी मथळ्यांची यादी दिसते. यादी सगळीकडे जवळपास सारखीच असते, त्यामुळे तिच्यावरून काही कळत नाही. क्रेडिटकडे बघा. साधारण नियम असा, की एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तासांचं वर्गातलं शिकवणं किंवा ३० तासांचं प्रात्यक्षिक. म्हणजे ४ क्रेडिटचा विषय एका कॉलेजात ६० तासांची व्याख्यानं असू शकतो, तर दुसरीकडे बाजारात, कारखान्यात, ग्राहकांच्या दारात घालवलेले १२० तास. गुणपत्रिकेवर दोन्ही सारखेच दिसतील, पण शिकणं अगदी वेगळं होईल.

या विषयातला सगळ्यात मोलाचा धडा, माझ्या मते, सरस सरस्वती या भारतीय वंशाच्या अभ्यासक बाईंनी दिला. त्यांनी २७ मुरलेल्या उद्योजकांपुढे एकाच काल्पनिक उत्पादनाचा प्रश्न ठेवला आणि तो सोडवताना मनात जे येईल ते मोठ्यानं बोलायला सांगितलं. पुस्तकी पद्धत अशी असते: आधी उद्दिष्ट ठरवा, बाजार मोजा, मग लागेल तेवढं भांडवल गोळा करा. हे लोक उलट्या दिशेनं निघाले. माझ्याकडे काय आहे, मला काय येतं, मी कोणाला ओळखतो, इथून त्यांची सुरुवात. फायदा किती होईल यापेक्षा, बुडालं तर किती बुडालेलं मला सोसेल, हा त्यांचा हिशेब. आणि अंदाज बांधत बसण्यापेक्षा, जो सोबत यायला तयार आहे त्याला घेऊन पुढे जाणं ही त्यांची रीत. यावरचा त्यांचा निबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज उद्योजकतेच्या बहुतेक चांगल्या अभ्यासक्रमांत तो शिकवला जातो.

नाशिककरांना हे समजायला फार लांब जावं लागत नाही. सुला वाइनचे राजीव सामंत अमेरिकेत शिकून, तिथे नोकरी करून परतले, तेव्हा त्यांच्या हाताशी होती ती गंगापूर धरणाजवळची घरची जमीन. आधी आंब्यासारखी पिकं करून पाहिली, मग खायची द्राक्षं, आणि त्यानंतर वाइनचा विचार आला. वाइन बनवण्याचं ज्ञान नव्हतं, तर कॅलिफोर्नियातल्या केरी डॅम्स्की या जाणकाराला जोडून घेतलं. पहिली वाइन २००० साली बाजारात आली. हातात काय आहे आणि सोबत कोण येतंय, या दोन प्रश्नांवर उभा राहिलेला हा धंदा आहे.

दुसरं उदाहरण मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचं. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढ-नियंत्रकाचे अंश सापडल्यामुळे युरोपनं भारतीय द्राक्षं नाकारली आणि निर्यातदारांसोबत बागायतदारही हवालदिल झाले. त्यानंतरच्या काळात विलास शिंदे आणि त्यांच्या सोबतच्या शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांच्याच मालकीच्या उत्पादक कंपनीची वाट धरली. कोणता घड कोणत्या बागेतून आला, त्यावर काय फवारलं, हे सांगता येणं हाच ज्या बाजारात प्रवेशाचा परवाना आहे, तिथे शेतकरी संघटित असणं ही मोठी ताकद ठरली. अशी उदाहरणं परीक्षेत 'यशोगाथा' म्हणून पाच गुणांना लिहून मोकळं व्हायचं नसतं. त्या त्या वळणावर त्यांच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, हे वर्गात तासभर बसून खणलं तर खरा धडा मिळतो.

आता हिशेबाकडे येऊ, कारण बहुतेक मुलं इथेच अडखळतात. एक मानलेलं उदाहरण घेतो. आकडे समजण्यापुरते आहेत. तीन विद्यार्थ्यांनी ठरवलं, की सुरगाणा-पेठकडची नागली, म्हणजे नाचणी, आणायची आणि तिची बिस्किटं करून नाशिकमध्ये विकायची. कल्पना छान आहे. नागली पौष्टिक, आदिवासी शेतकऱ्याला भाव, शहरात मागणी. वर्गात टाळ्या पडतात. मग सर फळ्यावर एक पाकीट मांडतात.

पाकिटाची किंमत ६० रुपये. दुकानदार २० टक्के ठेवणार, म्हणजे १२ रुपये गेले. हातात ४८. नागलीचं पीठ, तूप, गूळ मिळून २० रुपये. स्वतःची भट्टी नाही, म्हणून बेकरीवाल्याकडून करून घेण्याचे ७. पाकीट आणि लेबल ५, वाहतूक ३, आणि तुटलेला किंवा मुदत संपून परत आलेला माल धरून आणखी ३. एकूण ३८. म्हणजे पाकिटामागे उरले १० रुपये.

इथवर सगळे खूश असतात. आता महिन्याचा ठरलेला खर्च लिहा: खोलीचं भाडं ६ हजार, एका मदतनिसाचे १० हजार, फोन-पेट्रोल ४ हजार. झाले २० हजार. पाकीट विकलं गेलं तरी हा खर्च आहे आणि नाही गेलं तरी आहे. २० हजाराला १० नं भागा: महिन्याला २,००० पाकिटं विकली तर ना नफा ना तोटा. तिघांचा पगार यात नाही. एका दुकानातून महिन्याला ४० पाकिटं गेली तर ५० दुकानं लागतील. ४० म्हणजे रोज एकाहून जास्त. गंगापूर रोडच्या किराणा दुकानात नव्या, नाव न ऐकलेल्या बिस्किटाचं रोज एक पाकीट जातं का? हे गूगलवर सापडत नाही. त्यासाठी दुकानदाराकडे जाऊन उभं राहावं लागतं. तो म्हणाला, "महिन्याला पंधरा जातील फार तर," तर ५० ची १३४ दुकानं झाली, आणि १३४ दुकानांत माल पोचवायला एक मदतनीस पुरत नाही. म्हणजे ठरलेला खर्चही वाढला.

मग मुलं दुसरा रस्ता काढतात: सोसायट्यांमध्ये थेट विकू. दुकानदाराचे १२ वाचले, पाकिटामागे २२ उरले, ९१० पाकिटांतच महिन्याचा खर्च निघाला. पण आता विकायला कोण जाणार, आणि तिघांची कॉलेजं कधी होणार? असं प्रत्येक वळणावर काही मिळवायचं तर काही सोडावं लागतं. हे एकदा कागदावर घासून पाहिलं, की पुढच्या वेळी कोणी 'मस्त आयडिया आहे' म्हटलं तरी हात आपोआप पेनाकडे जातो.

याहून अवघड गोष्ट म्हणजे रोख रक्कम. नफा आणि खिशातले पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पगारदार घरातल्या मुलांना हे पटायला वेळ लागतो. वरच्याच उदाहरणात परतीचे ३ रुपये सोडले तर पाकिटामागे ३५ रुपये आधीच द्यावे लागतात. २,००० पाकिटांचे ७० हजार, वर ठरलेले २० हजार, असा महिन्याला ९० हजार खर्च. दुकानदारानं ४५ दिवसांनी पैसे दिले, तर पहिला रुपया हातात येईपर्यंत दीड महिन्याचा खर्च, म्हणजे १ लाख ३५ हजार रुपये घालून बसावं लागतं. विक्री दुप्पट झाली तर अडकणारी रक्कमही जवळपास दुप्पट. कागदावर धंदा वाढतोय आणि नागलीवाल्याला द्यायला पैसे नाहीत, अशी वेळ चांगल्या चाललेल्या धंद्यावर येते ती यामुळेच. सातपूर-अंबडच्या वसाहतींत जॉबवर्क, म्हणजे मोठ्या कंपन्यांची कामं करून देणाऱ्या कोणत्याही छोट्या कारखानदाराला विचारा, तो ऑर्डरपेक्षा पेमेंटबद्दलच जास्त बोलेल. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे, लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची आहे, आणि त्याचा आधार घ्यायचा तर 'उद्यम' ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी हवी. ती फुकट होते. हे सगळं माहीत असणं आणि मोठ्या ग्राहकाला दुखावून ते वापरणं यात अंतर आहे, तेही वर्गात बोललं गेलं पाहिजे.

हे शिकवून खरंच फरक पडतो का? यावर बारकाईनं अभ्यास झालेत, आणि त्यांचे निकाल वाचण्यासारखे आहेत. आफ्रिकेतल्या टोगो देशात १,५०० छोट्या व्यावसायिकांचे गट पाडून एका गटाला हिशेब, विपणन असं नेहमीचं प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटाला पुढाकार घेण्याचं, म्हणजे स्वतःहून संधी शोधणं, अडथळ्याची आधीच तयारी ठेवणं, इतरांपेक्षा वेगळं करून पाहणं, याचं प्रशिक्षण दिलं. २०१७ मध्ये आलेल्या निकालात पुढाकाराच्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढलेला दिसला. नेहमीच्या प्रशिक्षणाची वाढ ११ टक्के होती आणि तीही योगायोगापासून वेगळी काढता येईल इतकी ठोस नव्हती. म्हणून हिशेब शिकू नये असा याचा अर्थ नाही. नुसता हिशेब पुरत नाही, एवढाच आहे.

इटलीतल्या ११६ नवउद्योगांवरचा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यातल्या निम्म्यांना आपल्या कल्पनेकडे शास्त्रज्ञासारखं बघायला शिकवलं: तुमचं गृहीतक काय, ते खोटं कधी ठरेल, ते तपासायला काय कराल. शिकलेल्यांनी कल्पना जास्त वेळा बदलल्या आणि न चालणारी कल्पना जास्त जणांनी सोडून दिली. तरीही त्या गटाची एकंदर कामगिरी सरस ठरली. सोडून देणं हाही इथे शिकण्याचाच भाग होता. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात तर कॉलेजातला उद्योजकतेचा कार्यक्रम केल्यावर विद्यार्थ्यांची धंद्यात पडायची इच्छा उलट कमी झालेली दिसली. काहींनी याला अपयश म्हटलं. मला तसं वाटत नाही. विसाव्या वर्षी, घरची जमीन गहाण न टाकता, एका सत्रात एखाद्याला कळलं की हे आपलं काम नाही, तर त्या कोर्सनं त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं मोठं भलं केलं. किती मुलांनी कंपन्या काढल्या, याची आकडेवारी दाखवणारी कॉलेजं ही बाजू कधी सांगत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

नाशिकमध्ये शिकायचं तर पर्याय काय? इथली बहुतेक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, काही खासगी विद्यापीठं आहेत, आणि १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय गोवर्धनजवळ आहे. नोकरी करणाऱ्याला किंवा दुकान सांभाळणाऱ्याला मुक्त विद्यापीठाची पद्धत सोयीची पडते, कारण रोज हजेरी लावावी लागत नाही आणि वाचलेलं त्याच संध्याकाळी स्वतःच्या दुकानात करून बघता येतं. कोणता अभ्यासक्रम या वर्षी चालू आहे, ते मात्र त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघावं.

वर्गाबाहेर शिकण्याची या शहराला सवय आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. २०१५ च्या सिंहस्थाआधी इथे 'कुंभथॉन' नावाचा उपक्रम झाला. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर त्यामागे होते. गर्दी, आरोग्य, राहण्याची सोय असे कुंभातले खरे प्रश्न घेऊन विद्यार्थी कामाला लागले. त्यातल्या एका शाळकरी मुलाच्या संघानं चटई बनवली. माणसं तिच्यावरून चालत गेली की पावलांच्या दाबावरून किती जण पुढे गेले याची मोजणी होत राहायची, म्हणजे पुढे चेंगराचेंगरी व्हायच्या आत पोलिसांना गर्दीचा अंदाज यावा. ती प्रत्यक्ष कुंभात वापरली गेली. त्याच काळात टीसीएसनं नाशिकमध्ये डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे नवकल्पना केंद्र सुरू केलं. आता पुढचा सिंहस्थ तोंडावर आहे, आणि ज्या कॉलेजातल्या उद्योजकतेच्या वर्गाला त्यातला एकही प्रश्न हाताळावासा वाटत नसेल, त्या वर्गाबद्दल मी दोनदा विचार करीन.

प्रवेश घेण्याआधी मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना गाठा. प्राचार्यांना विचारून काही मिळत नाही. सत्रभरात किती अनोळखी ग्राहकांशी बोलायला लावलं, हे विचारा. अमेरिकेत सरकारी निधीतून चालणाऱ्या आय-कॉर्प्स कार्यक्रमात संशोधकांच्या संघाला काही आठवड्यांत १०० जणांच्या मुलाखती घ्याव्या लागतात. आपल्याकडे तीस झाल्या तरी पुष्कळ. कोणी खऱ्या पैशांत काही विकलं का, भले दोन हजारांचं का असेना? शिकवणाऱ्यांपैकी निदान एकानं स्वतः पगार वाटलेत का, म्हणजे महिनाअखेरीला कामगारांचे पैसे उभे करण्याची चिंता त्याला माहीत आहे का? आणि परीक्षेत गुण कशाला: प्रकल्प अहवालाच्या जाडीला, की चुकलेलं गृहीतक प्रामाणिकपणे मांडायला? इन्क्युबेशन सेंटर, म्हणजे नव्या उपक्रमांना जागा आणि साधनं देणारं केंद्र, असेल तर ते आतून बघा. फलक लावलेली कुलूपबंद खोली आहे, की तिथे थ्रीडी प्रिंटर, वर्कबेंच आणि रात्री आठलाही बसलेली मुलं आहेत, हे पाच मिनिटांत कळतं.

कर्जाबद्दल थोडक्यात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपीसारख्या योजनेत अनुदान असतं: सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के, महिला आणि इतर विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के. स्वतःचे मात्र अनुक्रमे १० किंवा ५ टक्के घालावे लागतात, आणि उरलेलं बँकेचं कर्ज असतं, ते फेडायचंच असतं. अनुदानाची रक्कमही लगेच वापरायला मिळत नाही, ती तीन वर्षं बँकेत राखून ठेवतात. अनुदान आहे म्हणून धंदा निवडू नका. धंदा कागदावर टिकला, की मग जिल्हा उद्योग केंद्रात जा.

शेवटची गोष्ट जोडीदारांची, कारण कॉलेजातले उपक्रम बहुधा इथेच मोडतात. चार मित्र मिळून सुरू करतात, तिसऱ्या वर्षानंतर एक पुण्याला नोकरीला जातो, एकीचं लग्न ठरतं, आणि मग ब्रँडचं नाव कोणाचं, पाककृती कोणाची, इन्स्टाग्रामचा पासवर्ड कोणाकडे, यावरून मैत्री तुटते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, कॉलेजच्या यंत्रावर काही बनवलं असेल तर त्यावर संस्थेचा हक्क किती, हेही आधी विचारून घ्यावं. बऱ्याच संस्थांचं याबाबतचं लेखी धोरण असतं. सुरुवातीलाच एक करारपत्र करा: कोणी किती पैसे घातले, कोण किती वेळ देणार, मध्येच कोणी बाहेर पडला तर त्याला काय मिळणार. भागीदारी संस्था असेल तर तिची नोंदणीही करून टाका. नोंदणी सक्तीची नाही म्हणून अनेक जण ती टाळतात, पण १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ नुसार, नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातले थकलेले पैसे वसूल करण्यासाठी ग्राहकावर दावा लावता येत नाही.